परदेशी खेळाडू आणायचा की आपला घडवायचा? ठरवण्याआधी समितीने करायची कामं

हंगाम वाईट गेला की समितीच्या पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणतं, "बाहेरून दोन तयार खेळाडू आणू या." टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून लगेच उत्तर येतं, "मग आपल्या पोरांनी काय करायचं?" पुढचा तासभर दोन्ही बाजू अस्मिता, निकाल आणि प्रायोजक यांवर बोलत राहतात आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं. मी बरीच वर्षं मध्यम आणि लांब पल्ल्याच्या धावपटूंना शिकवलं, नंतर क्लब आणि संघटनांच्या तांत्रिक समित्यांवर बसले. हा प्रश्न हात वर करून सोडवायचा नाही, असं माझं ठाम मत आहे. आधी तीन-चार कागद तयार करायचे. ते समोर आले की निम्मा वाद आपोआप मिटतो.

माझी बाजू आधीच सांगून टाकते. ज्या खेळाडूच्या येण्याने पुढच्या काही वर्षांत स्थानिक मुलांच्या रोजच्या सरावात फरक पडणार आहे, त्याला जरूर आणावं, मग तो जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात जन्मलेला असो. ज्याच्या जाण्यानंतर फक्त कपाटातली ट्रॉफी उरणार आहे, त्याच्यावर पैसा घालू नये. खाली जे लिहिलंय ते हे दोन प्रकार वेळेत ओळखता यावेत म्हणून.

पहिला कागद: 'परदेशी' म्हणजे नक्की कोण?

या एका शब्दात तीन अगदी वेगळ्या प्रकारची माणसं कोंबली जातात. त्यांना आधी वेगळं करा.

पहिला प्रकार: जन्म बाहेरचा, घडण इथली. बेन स्टोक्स न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चचा, पण बाराव्या वर्षी इंग्लंडमध्ये आला आणि तिथल्याच क्लब क्रिकेटमध्ये वाढला. मायकेल लीच हाही क्राइस्टचर्चचाच. पंधराव्या वर्षी जपानमधल्या सप्पोरोच्या शाळेत शिकायला गेला आणि २०१५ च्या रग्बी विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ असं हरवणाऱ्या जपानी संघाचा कर्णधार झाला. अशा खेळाडूवर 'बाहेरचा' म्हणून चर्चा करणं म्हणजे त्याला घडवणाऱ्या स्थानिक प्रशिक्षकांच्या कष्टांवर पाणी ओतणं. त्याला स्थानिकांच्याच यादीत धरा. युरोपीय फुटबॉल संघटनेचा नियमही असाच विचार करतो. तिच्या स्पर्धांसाठी २५ जणांच्या यादीत ८ जागा स्थानिक पातळीवर घडलेल्यांसाठी राखीव असतात, आणि घडलेला कोण हे ठरवताना पासपोर्ट पाहत नाहीत. १५ ते २१ या वयात तो किमान तीन हंगाम त्या क्लबात किंवा त्याच देशातल्या दुसऱ्या क्लबात होता का, एवढंच पाहतात.

दुसरा प्रकार: स्थलांतरित कुटुंबातली मुलं. रक्ताचं नातं इथलं, पण खेळ शिकले दुसऱ्या देशात. अश्रफ हकीमी माद्रिदमध्ये जन्मला, तिथेच फुटबॉल शिकला आणि खेळतो मोरोक्कोसाठी.

तिसरा प्रकार: तयार खेळाडू, ज्याचा या देशाशी आधीचा काहीही संबंध नाही. नागरिकत्व किंवा करार देऊन आणलेला. खरा प्रश्न याच प्रकाराचा असतो. बैठकीत तिन्ही प्रकार एकत्र बोलले जातात म्हणून वाद तापतो. एका तक्त्यात नावं लिहा, प्रत्येकापुढे एकच गोष्ट भरा: १२ ते १८ या वयात तो कुठे सराव करत होता? बाकी सगळं त्यातून दिसतं.

दुसरा कागद: नियम आणि तारखा

पैशांची बोलणी सुरू करण्याआधी नियमपुस्तिका उघडा. उलट क्रम लावलेला मी फार वेळा पाहिला आहे आणि त्यात हाल होतात ते खेळाडूचे.

ऑलिंपिक सनदेप्रमाणे एका देशाकडून खेळलेल्याने दुसऱ्या देशाकडून उतरायचं तर मधे तीन वर्षं जावी लागतात. जुन्या देशाच्या ऑलिंपिक समितीची संमती असेल तर हा काळ कमी होऊ शकतो. ॲथलेटिक्समध्ये देश बदलण्याचे अर्ज २०१७ मध्ये गोठवले गेले आणि २०१८ मध्ये नवे नियम आले: तीन वर्षांची प्रतीक्षा, वयाच्या विसाव्या वर्षाआधी बदल नाही. फुटबॉलमध्ये, नातं नसलेल्या देशात अठराव्या वर्षानंतर आलेल्याला किमान पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. रग्बीत पूर्वी तीन वर्षं पुरायची, आता पाच. क्रिकेटमध्ये इंग्लंडने स्वतःहून सात वर्षांच्या वास्तव्याची अट घातली होती. ती तीन वर्षांवर आणली आणि २०१९ च्या विश्वचषकाआधी बार्बाडोसमध्ये जन्मलेला जोफ्रा आर्चर पात्र ठरला. प्रत्येक खेळाचं गणित वेगळं आहे. शेजारच्या खेळातल्या अनुभवावर विसंबून राहू नका.

कामाची पद्धत अशी: ज्या स्पर्धेसाठी खेळाडू हवा तिची तारीख कागदाच्या तळाशी लिहा. तिथून मागे मोजत या. वास्तव्य, प्रतीक्षा, नागरिकत्वाचा अर्ज, आधीच्या संघटनेचं ना-हरकत पत्र. सुरुवातीची तारीख आजच्याही मागे गेली तर विषय तिथेच संपला.

ना-हरकत पत्र तोंडी चालत नाही, हे स्टीफन चेरोनोच्या गोष्टीवरून कळतं. केनियाचा हा स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची लांब शर्यत) धावपटू २००३ मध्ये कतारचा सैफ सईद शाहीन झाला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये जगज्जेता, २००४ मध्ये ब्रसेल्सला ७ मिनिटं ५३.६३ सेकंदांचा विश्वविक्रम. पण त्या वर्षीच्या अथेन्स ऑलिंपिकला तो नव्हता, कारण केनियाने संमती दिली नाही. पुढे दुखापतींनी गाठलं आणि त्या काळातला सर्वोत्तम स्टीपलचेसर एकही ऑलिंपिक न धावता थांबला. मला आजही त्याचं वाईट वाटतं. पदकांचा हिशोब करणाऱ्यांच्या कागदावर एक रकाना रिकामा राहिला. त्याच्या आयुष्यातली ती वर्षं मात्र गेली ती गेलीच.

आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना दुसऱ्या देशातून उचलून आणण्याचा विचारही करू नका. फुटबॉलमध्ये तर काही अपवाद सोडता आंतरराष्ट्रीय बदलीला या वयात मनाईच आहे. पालक स्वतःच्या कामानिमित्त आले असतील तर गोष्ट वेगळी. अशा मुलाला दुसऱ्या दिवशी मैदानावर घ्या.

तिसरा कागद: जागा रिकामी का आहे?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. समित्या नेमक्या इथेच घाई करतात.

ज्या प्रकारात खेळाडू हवा आहे, समजा ८०० मीटर, त्या प्रकारात तुमच्याकडे बारा वर्षांची किती मुलं आहेत, पंधराची किती, अठराची किती, एकविसाची किती? मागच्या काही वर्षांच्या हजेरीपटांवरून चार आकडे काढा. लोक म्हणतात "आपल्याकडे टॅलेंटच नाही". आकडे बहुधा वेगळंच सांगतात: बाराव्या वर्षी मैदान भरलेलं असतं आणि पंधरा ते अठराच्या दरम्यान ते रिकामं होतं. म्हणजे अडचण मुलांच्या गुणवत्तेत नसून त्यांना टिकवण्यात आहे. ती तयार खेळाडू आणून सुटत नाही. पुढच्या हंगामातही तेवढीच मुलं गळणार.

मग गळालेल्यांशी बोला. फोन करा, घरी जा. मी हे केलंय. मिळणारी उत्तरं साधी असतात: अभ्यास आणि सरावाच्या वेळा जुळेनात, बुटांचा आणि प्रवासाचा खर्च झेपेना, सतत दुखत होतं आणि कुणी लक्ष दिलं नाही, प्रशिक्षक बदलले आणि नव्यांना माझं नाव माहीत नव्हतं. मुलींच्या बाबतीत आणखी एक उत्तर वारंवार येतं: कपडे बदलायला धड जागा नव्हती. एका परदेशी खेळाडूच्या मानधनात यातल्या किती गोष्टी दुरुस्त होतात, याचा हिशोब त्याच कागदावर मांडा.

आता निवडीकडे. तुमच्या चौदा वर्षांखालच्या संघाच्या जन्मतारखा महिन्यांनुसार लावून पाहा. वयोगटाची मोजणी ज्या महिन्यापासून सुरू होते, त्याच्या लगेच नंतर जन्मलेली मुलं संघात जास्त दिसतील. कॅनडातल्या आइस हॉकीबद्दल संशोधकांनी हे १९८५ मध्येच दाखवून दिलं होतं, तरी आजही बहुतेक निवड चाचण्या त्याच पद्धतीने होतात. दहा-अकरा महिन्यांनी मोठं असलेलं मूल उंच असतं, जोरात पळतं, आपण त्यालाच गुणवान समजतो. त्यात वाढीच्या वेगाची भर पडते. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढते, मुलांची चौदाव्याच्या, आणि ही वेळ मुलागणिक बरीच मागेपुढे होते. उशिरा वाढणारं मूल तेराव्या वर्षी वगळलं गेलं की सहसा परत येत नाही.

यावर करायचं काय? दर तीन महिन्यांनी उभ्याने आणि बसून उंची मोजा, वजन घ्या, वहीत लिहा. उंची अचानक वाढायला लागली की उड्या आणि जोरदार धावण्याचा भार कमी करा. टाचा आणि गुडघे याच काळात दुखावतात. काही सराव-सामने वयाऐवजी शारीरिक वाढीच्या टप्प्यानुसार गट पाडून खेळवा. लवकर वाढलेल्या दांडगट मुलाला तिथे प्रथमच डोकं वापरावं लागतं आणि लहानखुऱ्याला चेंडू मिळतो. निवड चाचणीत वगळलेल्यांची वेगळी यादी ठेवा आणि सहा महिन्यांनी त्यांना पुन्हा बोलवा. 'पुन्हा बोलवा' हे दोन शब्द माझ्या मते कुठल्याही महागड्या प्रबोधिनीपेक्षा जास्त खेळाडू देतात. उशिरा बहरलेली माझी सर्वात चांगली धावपटू आधीच्या वयोगटांत अंतिम फेरीतसुद्धा नव्हती.

आदर्श पाहायचा असेल तर नॉर्वे पाहा. तिथे मुलांच्या खेळासाठी लेखी हक्क आहेत. लहान मुलांच्या स्पर्धांचे निकाल आणि क्रमवारी लावत नाहीत, तेराव्या वर्षाआधी राष्ट्रीय अजिंक्यपद नसतं. याच देशाने २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदकं जिंकली. आइसलँडने फुटबॉलसाठी बंदिस्त मैदानं उभारली आणि अगदी लहान मुलांनाही परवानाधारक, पगारी प्रशिक्षक दिले. तेव्हा साडेतीन लाखांच्या आत लोकसंख्या असलेल्या त्या देशाने २०१६ च्या युरो स्पर्धेत इंग्लंडला २-१ ने हरवलं आणि २०१८ चा विश्वचषक गाठला. फळ मिळायला दीड दशक लागलं, हे समितीला पहिल्या दिवशी सांगा. दोन वर्षांत निकाल देण्याचं वचन देऊ नका.

खेळाडूच्या आधी प्रशिक्षक आणा

बाहेरून काही आणायला पैसा असेल तर माझी पहिली पसंती प्रशिक्षकाला. उंच उडीतला मुताझ बार्शिम दोह्यात जन्मला, २००४ मध्ये सुरू झालेल्या अस्पायर या कतारच्या क्रीडा अकादमीतून पुढे आला आणि पोलंडच्या स्तानिस्लाव श्चिर्बा यांच्या हाताखाली घडला. टोकियो ऑलिंपिकमध्ये २.३७ मीटर उडी मारून त्याने इटलीच्या जानमार्को ताम्बेरीबरोबर सुवर्ण वाटून घेतलं. बार्सिलोनाच्या युवा संघांत काम केलेले फेलिक्स सांचेझ २००६ मध्ये अस्पायरला आले, तिथल्या पोरांबरोबर वर चढत गेले आणि २०१९ मध्ये त्यांच्या कतारने जपानला ३-१ ने हरवून आशिया चषक जिंकला. त्या स्पर्धेत विक्रमी ९ गोल करणारा अल्मोएझ अली सुदानमध्ये जन्मलेला, पण वाढला आणि शिकला कतारमध्ये. २०२२ च्या घरच्या विश्वचषकात हाच संघ तिन्ही सामने हरला. तरी पुढचा आशिया चषकही त्यांनीच जिंकला. एका स्पर्धेवरून प्रबोधिनीला पास-नापास करू नये.

परदेशी प्रशिक्षकाच्या करारात तीन गोष्टी नसतील तर सही करू नका. दोन स्थानिक सहायक पूर्ण वेळ त्याच्या सोबत असतील. ठरलेल्या मुदतीनंतर काही सत्रं हे सहायक एकट्याने घेतील आणि तो बाजूला उभा राहून पाहील. सरावाचे आराखडे आणि खेळाडूंच्या नोंदी संघटनेच्या मालकीच्या राहतील. तिसरी अट विसरली तर तो विमानात बसतो त्या दिवशी सगळं ज्ञानही बसतं.

उलटा रस्ताही आहे: आपला खेळाडू बाहेर पाठवणं. सिंगापूरचा जोसेफ स्कूलिंग किशोरवयात अमेरिकेत शिकायला गेला आणि २०१६ मध्ये १०० मीटर बटरफ्लायमध्ये ५०.३९ सेकंदांत मायकेल फेल्प्सला मागे टाकून देशाचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण घेऊन आला. हा मार्ग कुटुंबाला फार खर्चिक पडतो, त्यामुळे एखाद-दुसऱ्या खेळाडूसाठीच.

मग तयार खेळाडू कधी आणावा?

सिंगापूरचंच दुसरं उदाहरण. १९६० नंतर त्यांना ऑलिंपिक पदक मिळालं नव्हतं. २००८ मध्ये महिला टेबल टेनिस संघाने रौप्य मिळवलं आणि ४८ वर्षांची प्रतीक्षा संपली. तिघीही चीनमध्ये जन्मलेल्या. २०१० मध्ये सिंगापूरच्या महिला संघाने सांघिक जागतिक स्पर्धेत खुद्द चीनला हरवलं. मी हे यश कमी लेखत नाही. त्या मुलींनी घाम गाळला होता. पण अशा पदकानंतर समितीने स्वतःला एक प्रश्न विचारायचा असतो: या खेळाडूंसमोर रोज सरावाला उभी राहणारी स्थानिक मुलगी कोण आहे? तिचं नाव सांगता आलं तर योजना चालली आहे.

याउलट चीनने फुटबॉलमध्ये ब्राझीलमध्ये जन्मलेल्या एल्केसनसह काही खेळाडूंना नागरिकत्व दिलं, तरी २०२२ च्या विश्वचषकाला संघ पोचला नाही. अकराजणांच्या खेळात पुढच्या फळीतले दोन-तीन जण बदलून मधली फळी सुधारत नाही.

म्हणून माझ्या अटी. प्रकार असा हवा की जिथे तुमचे दोन-तीन तरुण वरच्या पातळीच्या उंबरठ्यावर आहेत आणि त्यांना रोजचा तगडा जोडीदार नाही. आणलेला खेळाडू त्यांच्याच गटात, त्याच मैदानावर सराव करील. दुसऱ्या देशात राहून फक्त स्पर्धेला उगवणार नाही. आणि त्याच्यावर जेवढा खर्च, किमान तेवढाच त्याच प्रकारातल्या ज्युनिअर गटावर, त्याच अंदाजपत्रकात, त्याच दिवशी मंजूर. ही तिसरी अट मांडली की बऱ्याच जणांचा उत्साह ओसरतो. तुम्ही ती सोडू नका. लीगमध्ये संख्येची मर्यादा घालणं हाही रास्त उपाय आहे. आयपीएलमध्ये अंतिम अकरात चारच परदेशी चालतात, त्यामुळे उरलेल्या सात जागांसाठी संघांना स्थानिक मुलं शोधत फिरावंच लागतं.

उत्तेजकांची चौकशी आणण्याआधी करा. आधीच्या चाचण्यांचा इतिहास, चाचणीसाठी ठावठिकाणा कळवण्याच्या नोंदी, त्याचा वैद्यकीय सल्लागार कोण, सगळं. केनियात जन्मलेल्या रूथ जेबेटने २०१६ मध्ये बहरिनला स्टीपलचेसचं सुवर्ण मिळवून दिलं आणि नंतर ईपीओ या बंदी असलेल्या उत्तेजकाच्या प्रकरणात तिच्यावर बंदी आली. दूर देशात एजंटच्या भरवशावर सराव करणाऱ्या खेळाडूवर तुमची नजर राहत नाही, आणि तिला योग्य सल्ला द्यायलाही तिथे तुमचं कुणी नसतं.

आता त्या माणसाबद्दल. तो आपली भाषा, आई-वडील, कदाचित जुनं नागरिकत्व सोडून येतो. पासपोर्ट त्याच्याच हातात राहिला पाहिजे. क्लबच्या कपाटात ठेवणं हा अन्याय आहे, कितीही प्रेमाने केलं तरी. करार त्याला कळेल अशा भाषेत द्या आणि वाचायला वेळ द्या. दुखापत झाली तर पगार आणि उपचार किती काळ, निवृत्तीनंतर इथे राहता येईल का, बायको-नवऱ्याला काम करता येईल का, हे लिहून द्या. पहिल्या महिन्यात भाषेची शिकवणी सुरू करा. ड्रेसिंग रूममध्ये ज्याच्याशी कुणी बोलत नाही तो खेळाडू फार दिवस चांगला खेळत नाही.

दोन्ही एकत्र: मोरोक्को

मला सगळ्यात आवडणारं उदाहरण हेच. २०२२ च्या विश्वचषकात उपांत्य फेरी गाठणारा पहिला आफ्रिकी संघ. २६ पैकी १४ खेळाडू देशाबाहेर जन्मलेले. स्पेनविरुद्धच्या पेनल्टींमध्ये भिंतीसारखा उभा राहिलेला गोलरक्षक यासिन बूनू माँट्रियलला जन्मलेला, पण कासाब्लांकात वाढलेला, म्हणजे आपल्या तक्त्यातला पहिला प्रकार. निर्णायक पेनल्टी मारली हकीमीने, तो दुसरा प्रकार. आणि पोर्तुगालला बाद करणारा एकमेव गोल यूसुफ एन-नेसिरीचा. फेसमध्ये जन्मलेला, राजे मोहम्मद सहावे यांच्या नावाच्या फुटबॉल अकादमीत घडलेला. बाहेरच्या मुलांना साद घालत असतानाच घरची प्रबोधिनी चालू ठेवली, म्हणून २०२५ मध्ये त्यांचा वीस वर्षांखालचा संघ अर्जेंटिनाला २-० ने हरवून विश्वविजेता झाला. दुसऱ्या प्रकारातल्या मुलांना बोलवायचं तर लवकर, पंधरा-सोळाव्या वर्षी, युवा संघाच्या शिबिराला बोलवा आणि आई-वडिलांशी स्वतः बोला. पंचविसाव्या वर्षी दुसऱ्या देशाने नाकारल्यावर केलेला फोन त्यांना बरोबर समजतो.

आपल्या मुलांना कोण सांगणार?

निर्णय आणण्याचा झाला, तर ज्याची जागा जाणार त्याला सर्वांत आधी सांगा. एका क्लबात रिले संघातल्या मुलीला आपली जागा गेल्याचं फलकावरच्या यादीतून कळलेलं मी पाहिलं आहे. ती त्या दिवशी बूट पिशवीत घालून गेली आणि पुन्हा आली नाही. प्रशिक्षकाने समोर बसून सांगावं: जागा का गेली, किती वेळ नोंदवली तर परत मिळेल, पुढची चाचणी कधी. निवडीचे निकष हंगामाआधी जाहीर झालेले असावेत आणि बाहेरून आलेल्यालाही तेच लागू व्हावेत. त्याला चाचणीतून सूट दिली की सगळ्या ज्युनिअर गटाला जो निरोप जायचा तो जातो.

पहिल्या ठरावातच आढाव्याची तारीख घाला, साधारण दीड वर्षानंतरची. त्या दिवशी पदकांचा तक्ता बाजूला ठेवून आधी चार गोष्टी पाहा: आणलेल्या खेळाडूबरोबर नियमित सराव करणाऱ्या स्थानिकांच्या वेळा किती सुधारल्या, स्थानिक सहायक प्रशिक्षक एकट्याने किती सत्रं घेतात, पंधरा ते अठरा वयोगटातली हजेरी वाढली की घटली, आणि वगळलेल्यांच्या यादीतली किती मुलं पुन्हा बोलावली गेली. हजेरी घटलेली असेल तर पुढच्या वर्षीचा बाहेरचा करार थांबवून तो पैसा त्या वयोगटाकडे वळवायचा, ही तरतूदही त्याच ठरावात, सही होण्याआधी लिहून घ्या.